मेलेल्याची तब्येत

केस हा मृत पदार्थ आहे, ही गोष्ट शरीरशास्त्राची पुस्तके फार आधीपासून सांगत आली असली, तरी ज्यांच्या डोक्यावर केस आहेत त्यांना ती पटत नाही आणि ज्यांचे गेले आहेत त्यांना ती ऐकवत नाही. कातडीच्या आत, केसाच्या मुळाशी जो कांद्यासारखा फुगीर भाग असतो, ज्याला केशकंद म्हणतात, तेवढाच काय तो जिवंत. तेथून वर आलेला, कंगव्यात अडकणारा, वरणात सापडणारा आणि सापडला की घरात महाभारत घडवणारा जो भाग, तो केराटिन नावाच्या प्रथिनाचा वाळलेला दोर असून, हेच प्रथिन नखांत, शिंगांत आणि खुरांतही असते. बैलाच्या शिंगाकडे पाहून ‘आज जरा उतरलेले दिसते’ असे कोणी म्हणत नाही. परंतु त्याच प्रथिनाची वेणी घातली की तिला पोषण लागते, विश्रांती लागते, तिचा थकवा जातो आणि तिला नवे चैतन्य मिळते, असे बाटलीवर छापून येते. ‘निरोगी केसांसाठी’ म्हणून जे जे विकले जाते ते मेलेल्याची तब्येत सुधारण्याचे औषध होय, आणि या औषधाची निवड करताना जिवंत माणसांची तब्येत कशी बिघडते, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतो. या हिशेबाने कमरेपर्यंत पोहोचलेल्या वेणीचा शेंडा पाच-सहा वर्षांपूर्वी कातडीबाहेर आलेला, म्हणजेच पाच-सहा वर्षांपूर्वी निवर्तलेला असतो, आणि त्याला फाटे फुटले म्हणून जी धावपळ होते, तेवढी सामग्री वर्षश्राद्धालाही लागत नाही.

शॅम्पू हा शब्द विलायती वाटत असला तरी तो मूळचा इकडचाच आहे. हिंदीत ‘चाँपना’ म्हणजे दाबणे, मळणे. त्याचे आज्ञार्थी रूप ‘चाँपो’, ज्याला मराठीत सरळ ‘चेपा’ म्हणता येईल. पाटण्यात १७५९ साली जन्मलेले शेख दीन मुहम्मद हे गृहस्थ इंग्लंडला गेले आणि तेथे ब्रायटन या समुद्रकाठच्या गावी त्यांनी वाफेचे स्नान व अंग रगडून देण्याचे दुकान थाटले. त्यात त्यांचे असे काही नाव झाले की, चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन राजांचे ‘शॅम्पूइंग सर्जन’, म्हणजे शुद्ध मराठीत सरकारी अंगचेपे, म्हणून त्यांची नेमणूक झाली. पुढे त्या शब्दातून हातपाय गळून पडले, डोके तेवढे उरले, चेपणे जाऊन फेस आला, आणि असा फेसाळलेला तो शब्द बोटीने परत येऊन रुपयाच्या पुडीत बसला. ज्याला इकडून पाठवले तो मालिशवाला होता आणि परत आला तो साबणवाला, हे विलायतेला गेलेल्या बऱ्याच मंडळींच्या बाबतीत घडते, त्यामुळे त्याचे फारसे आश्चर्य वाटू नये.

या पुडीचा मुक्काम पाहण्यासाठी पोहरादेवीइतके सोयीचे गाव दुसरे नाही. वाशिम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील हे गाव बंजारा समाजाची काशी म्हणून ओळखले जाते. येथे जगदंबा देवीचे मंदिर आणि संत सेवालाल महाराजांची समाधी असून, रामनवमीच्या यात्रेला महाराष्ट्राबरोबरच तेलंगणा, आंध्र आणि कर्नाटक येथील तांड्यांतून, म्हणजे बंजाऱ्यांच्या वस्त्यांतून, माणसांचा पूर लोटतो. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी येथे समाजाचा वारसा सांगणाऱ्या नंगारारूपी वस्तुसंग्रहालयाचे उद्घाटन झाले. बंजाऱ्यांचा पूर्वापार धंदा बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर पोहोचवण्याचा. ‘लवण’ म्हणजे मीठ, त्यावरूनच ‘लमाण’ हे नाव आले अशी एक व्युत्पत्ती सांगितली जाते. आता शॅम्पूचा रसायनशास्त्रीय भाग असा की, त्यातील मळ काढणारे द्रव्य मुळात पाण्यासारखे पातळ असते आणि त्याला मधासारखा दाटपणा यावा म्हणून त्यात चक्क खायचे मीठ घालतात. ज्यांच्या पूर्वजांनी गोणीच्या गोण्या मीठ बैलांवरून वाहिले, त्यांच्या पणतवंडांना तेच मीठ आज चिमूट-चिमूट करून, सुगंध लावून, लडीने विकत घ्यावे लागते. आणि याहून पुढची पायरी म्हणजे, ज्यात हे मीठ नाही असे मोठ्या अक्षरांत छापलेली बाटली सर्वांत महाग असते. वाटेत बैल उधळून मीठ सांडले की पूर्वी तांड्याचे नुकसान होत असे; आता न घातलेल्या मिठाचे वेगळे पैसे पडतात.

लडी ही संज्ञा येथे स्पष्ट केली पाहिजे. किराणा दुकानाच्या दर्शनी भागी, नेमक्या उंच गिऱ्हाइकाच्या कपाळावर आपटतील अशा बेताने, एकमेकींना जोडलेल्या पुड्यांच्या ज्या माळा टांगलेल्या असतात त्यांस लडी म्हणतात. १९८३ साली तमिळनाडूतील कडलूरच्या सी. के. रंगनाथन यांनी ‘चिक’ शॅम्पू पुडीतून बाजारात आणला. पुडीची मूळ कल्पना त्यांचे वडील चिन्नी कृष्णन यांची. तोवर शॅम्पू ही बाटलीत राहणारी, आरशासमोर ठेवायची आणि पाहुण्यांपासून लपवायची वस्तू होती. पुडीने तिला खेड्यात आणले आणि निवड ही जी श्रीमंतांची डोकेदुखी, ती रुपया-दोन रुपयांत सर्वांना उपलब्ध करून दिली. सरकारनेही या कामी आपला वाटा उचलला: वस्तू व सेवा कर आला तेव्हा, जुलै २०१७ मध्ये, शॅम्पूवर २८ टक्के कर होता, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तो १८ टक्के झाला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के. कर उतरला म्हणून रुपयाच्या पुडीवर किती पैसे परत मिळतात, असे विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानदाराने एक पेपरमिंटची गोळी दिली, आणि ती दोघांनाही न्याय्य वाटली.

पुढील विवेचनासाठी पोहरादेवीतील एक नमुना-कुटुंब येथे कल्पिले आहे. ते कोठेच राहत नसल्यामुळे जवळजवळ प्रत्येक घरात सापडते. त्यात निवृत्त मुख्याध्यापक असलेले गुरुजी, त्यांच्या पत्नी, सोयाबीन पेरणारा मुलगा, सून, अमरावतीला कॉलेजात शिकणारी नात आणि गुरुजींची वयोवृद्ध आई आहे, जिला घरातील लहानथोर सर्वजण ‘याडी’ म्हणतात. गोरमाटी बोलीत याडी म्हणजे आई. या कुटुंबातील घरगुती संवाद मूळ गोरमाटीत झालेले असून येथे ते मराठीत दिले आहेत, त्यामुळे त्यांची धार थोडी बोथट झाली आहे.

गुरुजींच्या केसविषयक चिंतेचा उगम गणितात होता. माणसाच्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि रोज ५० ते १०० केस गळणे हे प्रकृतीस धरून आहे, असे त्यांच्या वाचनात आले. ३२ वर्षे हजेरीपट हाताळलेल्या माणसाला असा आकडा स्वस्थ बसू देत नाही. त्यांनी सकाळी उशीवरचे, नंतर कंगव्यातले आणि शेवटी टॉवेलवरचे केस एका पाकिटात गोळा करून मोजण्यास प्रारंभ केला, आणि पहिल्या दिवशी ८४ गैरहजर भरले. आकडा मर्यादेत आहे म्हणून खूश व्हावे, तर त्यांच्या पत्नीने पाकिटात डोकावून त्यातले ६० केस हातभर लांब असल्याचे दाखवून दिले, आणि ते स्वतःचे असल्याचे सांगून परतही मागितले. उरलेल्या २४ वरून गुरुजींनी असा निष्कर्ष काढला की, गळण्यासाठी आता डोक्यावर पुरेसा पटच राहिलेला नाही. प्रस्तुत लेखकाने हा प्रयोग स्वतःवर करून पाहण्याचा विचार केला होता, परंतु तो करण्याजोगी सामग्री त्याच्यापाशी काही वर्षांपूर्वीच संपली असल्यामुळे त्यास गुरुजींच्याच आकड्यांवर विसंबावे लागत आहे.

दुकानावर झालेली पहिली चर्चा पुढीलप्रमाणे होती.

“गुरुजी, तुमचे केस कोणच्या टाइपचे हायेत? ड्राय का ऑइली?”

“तेल लावलं तर ऑइली, नाही लावलं तर ड्राय.”

“मंग नॉर्मल घ्या.”

“३२ वर्षं शाळेत काढली भाऊ. नॉर्मल कसा राहीन?”

कोरडे, तेलकट आणि सामान्य ही जी केसांची वर्गवारी पुड्यांवर केलेली असते, तिच्यात कोणत्याच माणसाचे डोके पूर्णपणे बसत नाही, कारण तेल हे केसात नसून टाळूवरच्या तैलग्रंथींत तयार होते आणि त्यामुळे एकाच केसाचे बूड तेलकट व शेंडा कोरडा असू शकतो. अशा माणसाने दोन पुड्या घ्याव्यात, एक बुडाला आणि एक शेंड्याला, असा सल्ला दुकानदाराने दिला. गुरुजींच्या डोक्यावर बूड आणि शेंडा यांत अर्ध्या इंचाचेच अंतर असल्यामुळे तो अमलात आणताना सीमावाद उद्भवला.

मग गुरुजींनी पुडीच्या मागचा मजकूर वाचण्याचे ठरवले. हा मजकूर मुंगीच्या पायांच्या ठशांएवढ्या अक्षरांत असतो, घडीवर चिकटवलेल्या भागात त्याची दुसरी ओळ जाते आणि जी दिसते ती पुडी फाडल्याशिवाय पूर्ण होत नाही. जवळचा चष्मा, त्यावर नातीचे जुने भिंग आणि त्यावर मोबाइलची बॅटरी असा सरंजाम करून त्यांनी घटकांची यादी वहीत उतरवून काढली. यादीत पहिले नाव पाण्याचे होते. घटक हे प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, तेव्हा पुडीत सर्वांत जास्त पाणीच आहे, हे ध्यानात येताच ते म्हणाले, “उन्हाळ्यात टँकरमागे धावतो आपण, अन् पाणी तर हे दुकानात लटकून राह्यलं.” दुसरे नाव होते सोडिअम लॉरेथ सल्फेट. हा पृष्ठसक्रिय पदार्थ होय, म्हणजे असा रेणू की ज्याचे एक टोक पाण्याला धरते व दुसरे तेलाला. एका हाताने सासर आणि दुसऱ्या हाताने माहेर धरून ठेवणाऱ्या सुनेप्रमाणे तो या दोन्ही न पटणाऱ्या पक्षांना एकत्र आणतो आणि डोक्यावरचे तेल, त्याला चिकटलेल्या धुळीसकट, पाण्याबरोबर बाहेर काढतो. सूनबाईंनी हे स्पष्टीकरण शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच म्हटले, “बाबा, अन् सगळं धुऊन झाल्यावर त्या रेणूचं काय होते?” “तो पण वाहून जातो,” गुरुजी म्हणाले, आणि त्या दिवशी चहा उशिरा मिळाला.

यादीच्या शेवटी सामू ठीक ठेवणारे आम्ल होते, आणि तेथे गुरुजींच्या मुलाला विषयात गोडी वाटू लागली. सामू म्हणजे आम्ल-अल्कलीचे माप. ते ० ते १४ असते, ७ म्हणजे उदासीन, त्याच्या खाली आम्ल आणि वर अल्कली. वऱ्हाडातील शेतकऱ्याला हा शब्द माती परीक्षणामुळे चांगला परिचित आहे; २०१५ मध्ये मृदा आरोग्य पत्रिका मिळू लागल्यापासून आपल्या वावराचा सामू किती, हे त्याला स्वतःच्या रक्तदाबापेक्षा अधिक नेमके ठाऊक असते. टाळूचा सामू साडेपाचच्या आसपास, केसाचा त्याहून कमी, अंगाच्या साबणाचा मात्र ९ ते १०. म्हणून अंगाचा साबण डोक्याला लावला की केसावरचे सूक्ष्म खवले उभे राहतात आणि केस राठ होतो. काळ्या जमिनीचा सामूही आठाकडे झुकलेला असतो, तेव्हा बापाचे डोके आणि आपले वावर यांना एकच उपाय लागू पडावा, या विचाराने मुलाने त्यांना गाडीवर बसवून कृषी सेवा केंद्रात नेले.

“पिकाला फुटवे याले काही हाये का?”

“हाये ना. किती एकर?”

मुलाने वडिलांच्या डोक्याकडे बोट केले. केंद्रचालकाने टोपी काढायला लावली, चहूबाजूंनी पाहणी केली आणि म्हटले, “गुरुजी, राग नका येऊ देऊ, पण वावरातलं पीक तं गेलं. आता धुऱ्यावरचं गवत तेवढं राह्यलं.” धुरा म्हणजे शेताचा बांध, तो सहसा कोणी पेरत नाही, पण कोर्टात भांडण चालते ते त्याच्यावरूनच.

पाण्याचा प्रश्न याहून अवघड होता. या भागातील बोअरचे पाणी जड, म्हणजे ज्यात कॅल्शिअम आणि मॅग्नेशिअम यांचे क्षार विरघळलेले असतात आणि ज्यात तूरडाळ शिजायला दोन शिट्ट्या जास्त लागतात, असे. अशा पाण्यात साबण फेस देण्याऐवजी या क्षारांशी संधान बांधतो आणि त्याची न विरघळणारी पांढरट साय केसांवर बसते, जिला पूर्वीचे लोक ‘केस चिकटले’ म्हणत व नवीन लोक ‘फ्रिझ झाले’ म्हणतात. शॅम्पूचे बरे असे की जड पाण्यातही तो बऱ्यापैकी फेस देतो. परंतु फेस दिसल्याखेरीज मळ गेला असे मानायचे नाही आणि फेस दिसू लागला की अजून मळ आहे असे समजून पुन्हा पुडी फोडायची, ही जी सार्वत्रिक श्रद्धा आहे, तिच्यामुळे एका डोक्याला तीन पुड्या लागतात आणि कंपनीला पुडीवर ‘पुन्हा लावा’ असे छापण्याची गरज उरत नाही.

खरी कसोटी कंडिशनरची होती. ‘कंडिशन’ हा शब्द वऱ्हाडात जुन्या ट्रॅक्टरमुळे रुळलेला आहे. ‘गाडी कंडिशनमध्ये आहे’ याचा अर्थ ती ढकलावी लागते पण चालते. तेव्हा नातीने अमरावतीहून आणलेली कंडिशनरची पुडी ही डोके चालू करण्याची काहीतरी सोय असावी, अशी गुरुजींची समजूत झाली. शॅम्पूची आणि कंडिशनरची पुडी जुळ्या बहिणींसारखी असते: तोच रंग, तेच फूल, केस उडवणारी तीच बाई, फरक असतो तो एका शब्दाचा आणि तोही बाईच्या केसांखाली गेलेला. डोळ्यांत फेस गेलेला, चष्मा खिडकीत ठेवलेला, हात ओले, अशा स्थितीत न्हाणीघरात उभ्या असलेल्या माणसाने ती पुडी फाडण्यासाठी प्रथम नख, मग नखाची दुसरी बाजू आणि अखेर दात वापरावेत, हा क्रम सर्वत्र एकसारखा आहे. पुडीच्या कडेला ‘येथून फाडा’ अशी जी खूण असते, तेथून ती कधीच फाटत नाही. ती दुसरीकडून, एकदम आणि थेट तोंडात फाटते. गुरुजींच्या मते त्या द्रव्याची चव साबुदाण्याच्या लापशीत अत्तर सांडल्यासारखी होती.

एवढे करून डोक्याला लावले तर फेस नाही. एक पुडी संपली, दुसरी संपली, तिसरीही संपली. डोके लोणी चोपडलेल्या तांब्यासारखे झाले, पण बुडबुडा म्हणून नाही. संतापलेले गुरुजी टॉवेलानिशी अंगणात आले आणि तेथूनच समोरच्या दुकानदाराला हाक मारली.

“भाऊ, माल नकली आहे! फेसच येत नाही!”

“गुरुजी, ते कंडिशनर हाये. ते शॅम्पूच्या नंतर लावाचं असते.”

“म्हणजे पहिले तेल काढाचं, मग पुन्हा तेलकट लावाचं?”

“अन् मंग तेही धुऊन टाकाचं.”

“मग लावाचं कायले?”

या प्रश्नाला शास्त्राचे उत्तर आहे, आणि ते दुकानदाराच्या मानाने बरेच लांब आहे. केसाच्या पृष्ठभागावर खवल्यांचे जे आवरण असते ते घरावरच्या कवेलूंसारखे एकावर एक रचलेले असते. धुण्याने, घासण्याने आणि टॉवेलने खसाखसा पुसण्याने हे कवेलू, माकडांची टोळी वरून गेल्यासारखे, विस्कटतात. ओल्या केसावर ऋण विद्युतभार असतो आणि कंडिशनरमधील मुख्य द्रव्यावर धन. त्यामुळे ते केसाला जाऊन चिकटते, उभे खवले बसवते, आणि पाण्याने धुतल्यावरही त्याचा पातळ थर मागे राहतो, ज्यामुळे कंगवा न अडकता फिरतो. थोडक्यात, शॅम्पू म्हणजे घर झाडणे आणि कंडिशनर म्हणजे पावसाळ्यापूर्वी घर शाकारणे. मात्र तो शेंड्यांना लावायचा, टाळूला नव्हे. आणि गुरुजींच्या बाबतीत टाळू वगळली असता लावण्यास जे क्षेत्र उरते, त्यास एक पुडी आठ महिने पुरली असती. हे सर्व त्यांना पटेपर्यंत वीज गेली होती, विजेबरोबर बोअरची मोटर गेली होती, आणि तीन पुड्या कंडिशनर डोक्यावर घेऊन त्यांना तासभर ओट्यावर बसावे लागले. त्या तासात त्यांच्या डोक्यावर धूळ, दोन माश्या आणि कापसाचा एक पुंजका असा ऐवज जमा झाला आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाने डोक्याला काय झाले म्हणून चौकशी केली. केसांची विचारपूस होण्याची त्यांच्या आयुष्यातील ही अनेक वर्षांतील पहिलीच वेळ होती.

कोंड्याचा अध्याय थोडक्यात आटोपता येईल. मॅलॅसेझिया नावाची बुरशी टाळूच्या तेलावर पोसली जाते आणि तिच्यामुळे कातडीचे पापुद्रे सुटतात. किटोकोनॅझोलचा शॅम्पू तिला आवरतो, पण तो धुण्यापूर्वी तीन-पाच मिनिटे डोक्यावर ठेवावा लागतो. नळाला पाणी आले असताना तीन मिनिटे काहीही न करता उभा राहील असा माणूस या घरात नसल्यामुळे बुरशीचे आजतागायत उत्तम चालले आहे.

बाजारातील उपायांनी निराश झालेले लोक नैसर्गिक उपायांकडे वळतात, म्हणजे स्वयंपाकघरात जातात. नातीने मोबाइलवर पाहिले की जवस उकळून त्याचा जो चिकट रस निघतो तो केसांना लावला असता ते चमकतात. वऱ्हाडात जवस ही चटणीची वस्तू आहे. भाकरीवर तेल आणि जवसाची चटणी घेतल्यावर पुढचे दोन तास माणूस कोणाशी भांडत नाही. पिढ्यान्पिढ्या पोटात गेलेली ही वस्तू पातेल्यात उकळून, ओढणीतून गाळून डोक्यावर ओतली जात असल्याचे पाहून आजीने विचारले, “चटणीचे जवस कुठे गेले?” नात म्हणाली, “हेअर मास्क केला.” आजी म्हणाली, “मग आता भाकरी डोक्यालाच लावून खा.” दुसऱ्या आठवड्यात अंडे झाले. अंड्याने केसांना प्रथिन मिळते अशी समजूत आहे. वास्तविक अंड्यातील प्रथिनाचा रेणू केसात शिरण्याच्या मानाने फारच अगडबंब असतो, पण हे शास्त्र बाजूला ठेवले तरी अंडे लावल्यावर डोक्यावर कढत पाणी घेऊ नये, एवढे व्यवहारज्ञान पुरे होते. ते नसल्यामुळे केसांतून भुर्जी निवडण्यात पुढची सकाळ गेली. या भुर्जीला नुसते अंडेच लागले, की कांदाही लागला होता, याविषयी घरात एकवाक्यता नाही. कारण कांद्याचा रस मागच्या रविवारचा असल्याचे नात सांगते आणि वास मात्र त्या दिवशीही होता.

या साऱ्या धामधुमीत याडी शांत होती. तिच्या कानांजवळच्या बटांत चांदीची टोपली आणि तिच्याखाली गालांवर लोंबणारी घुगरी होती. हे दोन्ही दागिने बंजारा स्त्रीच्या सौभाग्याची खूण मानले जातात आणि केसांतच गुंफलेले असल्यामुळे डोके धुणे म्हणजे आधी सोनारकाम उकलणे असते. तिच्या तरुणपणी हिंगणबेटाच्या फळाचा गर, रिठ्याचे पाणी, शिकेकाई, ताक आणि तेही नसले तर चिकण माती असे साहित्य असे. रिठा आणि हिंगणबेट यांत सॅपोनिन नावाचे फेसाळ द्रव्य असते, तेव्हा शास्त्र तेच होते, फक्त त्याला टांगण्यासाठी खिळा नव्हता. नातीने एकदा तिची मुलाखत घेण्याचा प्रयत्न केला.

“याडी, तुझे केस एवढे दाट कसे? तू काय लावायचीस?”

“घुगरी.”

“तसं नाही. केसांना काय लावायचीस?”

“वेळ नव्हता लावायला. डोक्यावर पाण्याचा हंडा असायचा.”

नातीने हे उत्तर लिहून घेतले नाही, कारण हंडा कोणत्याच पुडीत मिळत नव्हता.

रामनवमीच्या यात्रेत पाहुणे आले आणि निवडीचा प्रश्न आंतरराज्यीय झाला. कर्नाटकातील मावशीच्या मते सारा दोष येथल्या पाण्याचा होता, तेलंगणातील काकांच्या मते तिकडच्या पुडीत माल जास्त येतो, आणि नांदेडचे जावई, जे बोलत कमी व न्हात जास्त, त्यांनी दोन दिवसांत घरातील अख्खी लडी संपवली. जाताना त्यांनी सासऱ्यांच्या पायांवर डोके ठेवले, तेव्हा गुरुजींना पहिल्यांदाच त्यांच्या केसांचा वास जवळून मिळाला आणि त्यात आपल्या पाच पुड्या त्यांनी ओळखल्या. यात्रा पांगल्यावर कपाटात फक्त कंडिशनर उरले होते. त्याला कोणीच हात लावला नव्हता, कारण फेस येत नाही ही बातमी तीन राज्यांत पसरली होती.

हे शिल्लक कंडिशनर श्रावणापर्यंत तसेच पडून राहिले आणि पोळ्याला बाहेर निघाले. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे तूप-हळद लावून शेकतात आणि चोळून देतात, यास खांदशेकणी म्हणतात. शेख दीन मुहम्मद यांनी ब्रायटनला राजेलोकांचे जे केले ते हेच, आणि शब्दाच्या मूळ अर्थाने पाहिल्यास पोहरादेवीत आजही खरा शॅम्पू होतो तो बैलांचाच. पोळ्याच्या सकाळी मुलाने बैल नाल्यावर नेऊन धुतले, आणि घरात निरुपयोगी झालेल्या सात पुड्या, टाकून द्यायच्या म्हणून, शेपटीच्या गोंड्याला चोळल्या. बैलाने पुडीमागचा मजकूर वाचलेला नव्हता, आपण ड्राय की ऑइली याचा विचार केला नव्हता, फेस का येत नाही म्हणून तक्रारही केली नव्हती. तो पाच मिनिटे शांत उभा राहिला, जेवढी मिनिटे उभे राहणे घरातील एकाही माणसाला जमले नव्हते. दुपारी तोरणाखाली जोड्या उभ्या राहिल्या तेव्हा झुली सर्वांच्याच होत्या, शिंगांना वार्निश सर्वांच्याच होते, पण वाऱ्यावर रेशमासारखा उलगडणारा, उन्हात चमकणारा आणि एकही गुंता नसलेला गोंडा एकाच शेपटीला होता.

“गुरुजी, काय लावलं हो शेपटीले?” एकाने विचारले. लोक जमले. कोणी गोंडा हातात घेऊन पाहिला, कोणी वास घेतला, एका बाईने आपल्या मुलीला पुढे ढकलून ‘पाय, असे पाह्यजेत’ म्हणून दाखवले.

गुरुजींनी टोपी नीट बसवली, खिशातली रिकामी पुडी मुठीत आवळली आणि सांगितले, “काही नाही. सरकी-ढेप चांगली चारली.”